चिकुनगुन्या गेला, दुखणं राहिलं. आईला काय खाऊ घालावं?

रामबागची_लेक

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, माहेर आणि सासर दोन्ही इथलंच. पावसाळा सरता सरता आईला चिकुनगुन्या झाला. ताप लवकर उतरला, पण दिवाळी होऊन गेली तरी सांधे काही सोडायला तयार नाहीत. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत. पोळी लाटायला बसली की मनगट धरून बसते. अंगात त्राण नाही, दुपारी जरा बसली की डोळा लागतो. वजन बावन्नवर आलंय. वय ६८, शुद्ध शाकाहारी, बीपी आणि थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत.

आता माझं खरं दुखणं सांगते. भेटायला येणारं प्रत्येक माणूस एक एक पथ्य ठेवून जातं. आंबट बंद. दही-ताक बंद. तूर, हरभरा, वाटाणा वातूळ म्हणून बंद. भात थंड. टोमॅटोनं सांधे धरतात. दुधानं कफ होतो. शेंगदाण्यानं पित्त. सगळ्यांचं सगळं ऐकून आईच्या ताटात आता मुगाच्या डाळीचं पाणी, साबुदाण्याची पेज, दुधीची भाजी आणि ज्वारीची दीड भाकरी एवढंच उरलंय. मला तर वाटतं, आजारापेक्षा ती या पथ्यांनीच खंगत चालली आहे.

प्रश्न दोन. सांधे बरे करणारं काही खाणं असतं का? आणि अंगात ताकद यायला काय द्यावं? कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

जुना_इंदुरी

२००६ साली देशभर चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती, तेव्हा आमच्या घरात तिघांना धरलं होतं. माझ्या वहिनीचे घोटे पुढच्या पावसाळ्यापर्यंत दुखत होते. पथ्य काही नव्हतं. तेव्हा आमच्या मातोश्री स्वयंपाकघराच्या मालक होत्या आणि त्यांचा एकच नियम होता: आजारी माणसानं ताट पूर्ण संपवायचं. सगळे बरे झाले. धीर धरा ताई.

पोहे_जिलेबी

काकूंना लवकर आराम पडो. बऱ्या झाल्या की पहिली गरम जिलेबी माझ्याकडून, पत्ता कळवा, घरी आणून देईन.

डबेवाली_मावशी

साबुदाणा आजाऱ्याला का देतात हे मला आजवर कळलेलं नाही. पचायला हलका असतो हे खरं, पण त्यात निव्वळ पिष्ट. सराफ्यातली साबुदाणा खिचडी मलाही आवडते, पण ती जिभेसाठी. अशक्त माणसाला त्यातून काय मिळणार?

सकस_बडोदे

मी बडोद्याला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. चिकुनगुन्या, डेंगी आणि कोविडनंतर रेंगाळलेल्या अशक्तपणाचे बरेच लोक माझ्याकडे येतात. रामबागताई, तुम्ही जे लिहिलंय ते मी जवळजवळ रोज ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. चिकुनगुन्याचे सांधे बरे करेल असा कोणताही पदार्थ, फळ किंवा पावडर सिद्ध झालेली नाही. विषाणू गेल्यावरही सांध्यांच्या आतल्या आवरणातली सूज राहते, ती शरीर हळूहळू आवरतं. बहुतेकांची काही आठवड्यांत जाते, काहींची महिनोन्महिने राहते. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या लोकांत, बायकांत आणि आधीपासून संधिवात असलेल्यांत रेंगाळण्याची शक्यता जास्त. मग खाण्याचा उपयोग काय? तर दुरुस्तीला लागणारा माल तिथूनच येतो. माल नसला की दुरुस्ती थांबते, आणि वर स्नायूही झिजतात. स्नायू झिजले की दुखऱ्या गुडघ्याला आधार राहत नाही, म्हणून माणूस आणखी कमी हलतो, आणि हलणं थांबलं की स्नायू आणखी झिजतात. साठीनंतर हे फार भराभर होतं.

आता आईंच्या ताटाचा हिशोब करू. निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं, अशी आपल्या आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० ची शिफारस आहे. बावन्न किलोला ४३ ग्रॅम झाले. वयस्क माणूस आजारातून उठत असेल तर तज्ज्ञगट १.२ ते १.५ ग्रॅम सांगतात, म्हणजे आईंना ६२ च्या पुढे हवेत. तुम्ही लिहिलेल्या जेवणात मला जेमतेम १५ दिसतात. डाळीच्या वरच्या पाण्यात फारसं काही उतरत नाही, प्रथिनं खालच्या डाळीत राहतात आणि ती आपण घरातल्या इतरांना वाढतो! साबुदाण्यात १०० ग्रॅममागे एक ग्रॅमही नसतात.

म्हणून पहिलं काम: पथ्यांची यादी बाजूला ठेवा. डाळ, टोमॅटो बंद करायचा सल्ला मुळात युरिक अ‍ॅसिडच्या दुखण्यावरून आलाय. चिकुनगुन्याचं दुखणं त्यातलं नाही, आणि युरिक अ‍ॅसिडवाल्यांनासुद्धा डाळीनं फारसा त्रास होत नाही असंच आता दिसतं. आंबटानं सूज वाढते याला आधार नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व डाळी-पालेभाज्यांमधलं लोह शोषून घ्यायला मदत करतं. एखादा पदार्थ खाल्ला की दर वेळी त्रास होतोच असं आईंना स्वतःला जाणवत असेल, तर तेवढा एकच पदार्थ दोन आठवडे बंद करून बघा, मग पुन्हा देऊन बघा. दहा गोष्टी एकदम बंद केल्या तर कशानं काय झालं ते कधीच कळत नाही.

एक सावधगिरी. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी प्रथिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नयेत. आईंना बीपी आहे, तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) एकदा तपासलेलं असावं.

सुंठसाखर

सकसताई, बरंचसं पटलं, पण पथ्य या गोष्टीलाच झोडपू नका. मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, ग्वाल्हेरला प्रॅक्टिस करते. तापात अग्नी मंद झालेला असतो. त्या दिवसांत माणसाला पनीर-राजमा घातला तर उलटून पडतो. लंघन आणि हलकं अन्न यामागे विचार आहे.

सकस_बडोदे

तापाच्या दिवसांबद्दल माझं काहीच दुमत नाही. प्रश्न ताप उतरून इतके दिवस झाल्यावरचा आहे.

सुंठसाखर

तेच लिहायला येत होते. आमच्याकडे संसर्जन क्रम सांगितलाय. आधी पेया, म्हणजे पातळ पेज. मग विलेपी, म्हणजे घट्ट. मग यूष, म्हणजे मुगासारख्या कडधान्याचं कढण, आधी नुसतं आणि नंतर तूप, मीठ, मसाला घालून. मांसाहारी माणसाला मांसरस. आणि मग नेहमीचं जेवण. या पायऱ्या आहेत, चढून वर जायचं असतं. रामबागताईंच्या आईंना लोकांनी पहिल्याच पायरीवर बसवून ठेवलंय, आणि ते आयुर्वेदाच्या नावावर खपवतात याचं मला फार वाईट वाटतं. भूक लागते, ढेकर शुद्ध येते, पोट साफ होतं, अशी लक्षणं दिसली की पुढे जायचं. दही रात्री नको, पण दुपारी ताजं गोड ताक, जिरेपूड-सुंठ घालून, खुशाल द्या. तूप तर द्याच.

माळवी_माणूस

दोन शास्त्रं एका ताकावर एकत्र आलेली बघून आनंद झाला. 🙏

कठिया

आपण माळव्यात बसलोय आणि सोयाबीनचं नावही कोणी काढलं नाही? आजूबाजूला खरिपात दुसरं काय दिसतं? सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आपल्या खंडवा रोडवर १९८७ पासून आहे. दाण्यात ३६ ते ४० टक्के प्रथिनं, वडीत ५० च्या वर. आणि आपण ते तेलासाठी गिरणीला देतो.

आमच्या घरी नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन दळतात. पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कच्चं सोयाबीन गव्हात मिसळून दळू नका. त्यात प्रथिनाचं पचन अडवणारा एक घटक असतो, तो उष्णतेनं जातो. म्हणून उकळत्या पाण्यात दाणे टाकून वीस-पंचवीस मिनिटं उकळायचे, पाणी फेकायचं, हातानं चोळून सालं काढायची, उन्हात कडक वाळवायचे आणि मग गिरणीवर न्यायचे. सालं निघाली की तो उग्र वासही जातो. पोळी मऊ राहते, मुलांना कळतही नाही.

सकस_बडोदे

कठियादादा, फार छान सांगितलंत. फक्त रामबागताईंच्या आई थायरॉइडची गोळी घेतात. सोया, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या यांनी ते औषध नीट शोषलं जात नाही. थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तासांनंतर, सोयाही शक्यतो दुपारच्या जेवणातच. रोज सोया सुरू करणार असाल तर दोन-एक महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या.

बिनवासाचा

विषय थोडा वेगळा आहे, पण आजारपणानंतरच्या खाण्याचाच आहे म्हणून लिहितो. मला कोविडनंतर आधी वास येईनासा झाला, आणि परत आला तो वेडावाकडाच. कांदा परतला की रबर जळाल्यासारखा वास. लसणाची फोडणी, कॉफी, तळण, सगळं कुजकं. इंदुरात राहून सकाळी पोह्यांच्या गाडीजवळून जाताना मला नाकावर रुमाल धरावा लागायचा. घरी बायको जेव म्हणायची आणि मला ताट पुढे आलं की मळमळायचं. वजन उतरलं, केस गळले, चिडचिड वाढली. लोकांना वाटायचं हा नाटकं करतो. ज्यांनी हे भोगलेलं नाही त्यांना जेवणाची भीती वाटणं म्हणजे काय ते सांगून कळत नाही.

डबेवाली_मावशी

अरे बाळा, मग जेवायचास तरी काय? सध्या कसं आहे?

बिनवासाचा

मावशी, आता बऱ्यापैकी ठीक आहे, कांदा कच्चा चालतो, परतलेला अजून थोडा लागतो. तेव्हा कान-नाक-घसा डॉक्टरांनी जे सांगितलं त्यानं वाचलो. गरम अन्नातून वास जास्त उठतो, म्हणून सगळं कोमट किंवा गार खायचं. कांदा-लसूण, भाजलेलं, तळलेलं काही काळ बंद. माझं जेवण म्हणजे दहीभात, वर डाळिंबाचे दाणे आणि काकडी. भिजवलेले बदाम. गार दूध आणि सातूचं पीठ. पनीरचे कच्चे तुकडे लिंबू-मीठ लावून. वास फसवा झाला तरी जिभेला आंबट, खारट, गोड कळतंच, आणि कुरकुरीत-मऊ हे दातांना कळतं. बायको त्याच आधारावर ताट लावायची.

शिवाय वासाचा सराव. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. प्रत्येकाचा वास वीसेक सेकंद, मन लावून, सकाळ-संध्याकाळ, कित्येक महिने. जर्मनीतल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. घरी लवंगांची डबी, लिंबाची साल, निलगिरीचं तेल आणि गुलाबाचं अत्तर, एवढंच सामान लागलं.

पाऊलवाट

बिनवासाचा, तुमची पोस्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझंही दुखणं न दिसणारं आहे. कोविड होऊन गेला, रिपोर्ट सगळे चांगले, पण थोडं जास्त काम झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये या लाँग कोविडची व्याख्या केली: लागण झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या कारणानं समजावता न येणारी लक्षणं. ती वाचली तेव्हा निदान आपल्या दुखण्याला नाव आहे एवढं तरी समाधान मिळालं.

मला सांगायचंय ते हे, की काय खावं यावर सगळे बोलतात, पण ते करणार कोण? पौष्टिक स्वयंपाक करायला उभं राहायची ताकदच नसते. मी भाजी खुर्चीवर बसून चिरते. कुकरमध्ये एकदमच डाळ-तांदूळ-भाज्या-सोयावडी. चांगला दिवस असेल तेव्हा मोड आलेले मूग वाफवून छोट्या डब्यांत भरून फ्रीजरला. पोटभर जेवले की ग्लानी येते, म्हणून थोडं थोडं पाच वेळा. शेजारच्या काकू मंगळवारी आणि शुक्रवारी भाजी पाठवतात, ती मदत घ्यायला मी शिकले.

रोज_दहा_हजार

ताई, राग मानू नका, पण चालायला लागा. मी रोज दहा हजार पावलं चालतो, मला कधी थकवा येत नाही. आराम जास्त केला की शरीर आळसावतं. हळूहळू रोज पाचशे पावलं वाढवा, सगळं ठीक होईल.

पाऊलवाट

दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण तेच करून मी आणखी खाली गेले होते. श्रमानंतर लक्षणं उसळणाऱ्या लोकांना ठरावीक व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य-मार्गदर्शन संस्थेनं क्रॉनिक फटिगच्या (दीर्घकालीन थकव्याच्या आजाराच्या) बाबतीत २०२१ मध्ये काढून टाकला. आम्हाला अंगातली ताकद मोजून वापरावी लागते.

सकस_बडोदे

दोघांचंही ऐकण्यासारखं आहे, फक्त रोगी वेगळे आहेत. रामबागताईंच्या आईंसारख्यांना सांध्यांची हलकी हालचाल हवीच, नाहीतर सांधे आखडतात. कोमट पाण्यात हात बुडवून बोटं उघड-मीट करणं, घरातल्या घरात फिरणं. पाऊलवाट यांच्यासारख्यांना श्रमाची मर्यादा आधी ओळखावी लागते. एकाचा सल्ला दुसऱ्याला लावू नये.

पोटातल्या जिवाणूंचा या थकव्याशी संबंध आहे का, यावरही काम चालू आहे. हाँगकाँगमध्ये लाँग कोविडच्या ४६३ रुग्णांवर चाचणी झाली, निम्म्यांना सहा महिने उपयुक्त जिवाणू आणि त्यांचं खाद्य असलेली पुडी दिली होती. थकवा, विसराळूपणा, पोटाच्या तक्रारी यांत औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ पुडीपेक्षा जास्त लोकांना आराम पडला. ती पुडी म्हणजे आपलं ताक नव्हे, त्यामुळे ताकानं लाँग कोविड जातो असं मी म्हणणार नाही. पण ताक, कडधान्यं, भाज्या, फळं यांनी पोट ठीक राहतं आणि यात नुकसान काहीच नाही.

चोइथरामचा_भाजीवाला_नाही

डेंगीबद्दल कोणीतरी लिहा हो. भावाला झाला तेव्हा सगळं घर किवी शोधत मंडीत फिरत होतं. ड्रॅगन फ्रूट, पपईच्या पानाचा रस, बकरीचं दूध... बकरीच्या दुधाला तर त्या दिवसांत दूधवाले म्हणतील तो भाव.

सकस_बडोदे

डेंगीत प्लेटलेट्स खाली जाऊन आपोआप वर येतात, बहुतेकांच्या ताप उतरल्यावर दोन-चार दिवसांत. त्या दिवसांत जे दिलं असेल त्याला श्रेय मिळतं. बकरीच्या कच्च्या दुधानं प्लेटलेट्स वाढत नाहीत, ब्रुसेलोसिससारखा दुसरा आजार मात्र होऊ शकतो. पपईच्या पानांवर अभ्यास झालेत, पण त्यानं जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि कडू रसानं उलट्या होऊन शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. डेंगीत जीव वाचवतं ते पाणी: ओआरएस, ताक, पेज, सरबत. किवीचं म्हणाल तर १०० ग्रॅम किवीत क जीवनसत्त्व ९० मिलिग्रॅमच्या आसपास, पेरूत त्याच्या दुप्पट. हिवाळ्यात आपल्याकडे पेरू ढिगानं मिळतो.

आणि डेंगी, कोविड, कुठलाही मोठा ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येतात. घाबरू नका, ते परत येतात. पण हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, आणि प्रथिनं पुरेशी घ्या.

गुळवेल_भक्त

सगळं झालं, पण गुळवेलीचं नाव कोणी घेत नाही! रोज सकाळी काढा, आमच्याकडे चार वर्षं चालू आहे. रामबागताई, आईंना आजपासून सुरू करा.

सुंठसाखर

दादा, थांबा. गुळवेल मी स्वतः देते, पण रोग्याला बघून, प्रमाण ठरवून आणि मुदत ठरवून. चार-चार वर्षं रोज काढा, असं कुठल्याच ग्रंथात नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मांडलं. आयुष मंत्रालयानं म्हटलं की ती दुसऱ्या जातीची वेल असू शकते. वाद असो, पण कुंपणावरून तोडलेली वेल नेमकी कोणती हे घरच्या माणसाला ओळखता येत नाही, एवढं तरी त्यातून घ्या. शिवाय रेंगाळलेल्या चिकुनगुन्यात काहींना मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध द्यावं लागतं. त्या औषधात यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. अशा वेळी घरगुती काढे डॉक्टरांपासून लपवणं धोक्याचं.

रामबागची_लेक

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! रात्री आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. बिनवासाचा यांची पोस्ट ऐकून ती म्हणाली, "त्या पोराला माझा आशीर्वाद कळव." डाळीचं पाणी आम्ही तिला आणि डाळ स्वतःला, हे ऐकून मला रडू आलं.

काही शंका आहेत. ड जीवनसत्त्वाच्या साठ हजारच्या पुड्या शेजारच्या काकांनी आणून दिल्यात, त्या चालू करू का? वेदनाशामक गोळी ती रिकाम्या पोटी घेते, कारण तेव्हाच दुखतं. आणि भूकच नाही, तर ६२ ग्रॅम प्रथिनं जाणार कशी?

सकस_बडोदे

ड जीवनसत्त्व आपल्याकडे पुष्कळांचं कमी असतंच, पण आधी रक्ततपासणी. पुडी आठवड्यातून एक, ठरावीक आठवडे, मग बंद किंवा महिन्याला एक, हे डॉक्टर ठरवतील. लोक महिनोन्महिने चालूच ठेवतात, मग रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, मुतखडा. सोबत बी१२ तपासा. शाकाहारी आणि साठीपुढच्या माणसात ते कमी असणं फार सामान्य, आणि त्याचा थकवा, हातापायांच्या मुंग्या चिकुनगुन्याच्या खात्यात जमा होतात. ते इंजेक्शननं किंवा गोळीनं भरून निघतं. काहींना त्यानंच निम्मा फरक पडतो.

वेदनाशामक रिकाम्या पोटी अजिबात नको. उशाशी दोन खजूर आणि अर्धा कप दूध ठेवा, ते घेऊन मग गोळी. बीपीच्या औषधाबरोबर या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणू शकतात, म्हणून कोणती आणि किती दिवस ते डॉक्टरांना विचारा, आणि पाणी कमी पडू देऊ नका. आणि महत्त्वाचं: दुखणं तीन महिन्यांवर गेलं की संधिवाततज्ज्ञांना दाखवायचंच. काहींमध्ये ते आमवातासारखं रूप धरतं आणि त्याला वेगळं औषध लागतं. तिथे जेवण बदलून भागत नाही.

डबेवाली_मावशी

भूक नसलेल्या माणसाला कसं जेवू घालायचं ते माझ्याकडून ऐक. ताट मोठं वाढायचं नाही, बघूनच पोट भरतं. वाटी छोटी, पण वाटीत दम पाहिजे.

मुगाची डाळ भिजवून आलं-जिरं घालून वाट, धिरडं पातळ घाल, आत किसलेलं पनीर आणि कोथिंबीर. एका धिरड्यात तिचं काम होतं. मऊ भात करशील तर त्यावर दोन चमचे मेतकूट, तूप, आणि लिंबाचं मुरलेलं लोणचं. मेतकुटात हरभरा डाळ, उडीद डाळ सगळं भाजलेलं असतं, आपल्या आज्यांनी उगीच नाही आजाऱ्याला दिलं. कणकेची लापशी दुधात शिजवायची, त्यात दोन चमचे दूध पावडर. पावडरीनं चव बदलत नाही आणि दूध घट्ट होतं. भुट्ट्याचा कीस दुधात शिजतो, तो आईला आवडत असेल तर मक्याच्या दिवसांत कर. संध्याकाळी फुटाणे-दाणे-गूळ यांचा कूट, दातांना त्रास नाही. आता थंडी आहे, अहळीव भिजवून ओल्या नारळात लाडू कर, त्यात लोह भरपूर.

चहा जेवणाबरोबर देऊ नकोस. एक तास मागे-पुढे.

सकस_बडोदे

मावशी, तुमच्या एका पोस्टमध्ये माझा आठवड्याचा चार्ट आला. त्या धिरड्यात १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं बसतात, पनीर किती घातलं त्यावर थोडं कमी-जास्त.

माळवी_माणूस

दाल-बाफल्याचं काय? त्यातही डाळ आहे, कठिया गहू आहे, तूप आहे. 😊

डबेवाली_मावशी

ते काकू पूर्ण बऱ्या झाल्यावर, आणि त्या दिवशी दुपारी झोपायची सोय करून. 😄

रामबागची_लेक

खूप दिवसांनी लिहितेय, माफ करा. इथल्या सगळ्यांचं ऋण आहे म्हणून कळवते.

संधिवाततज्ज्ञांना दाखवलं, त्यांनी औषध सुरू केलं आहे. बी१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. ड जीवनसत्त्व डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. जेवण बदललंय: सकाळी धिरडं किंवा लापशी, दुपारी घट्ट वरण, पोळी, ताक, चारला कूट, रात्री मेतकूट-भात नाहीतर खिचडी. पहिल्या आठवड्यात पोट जड व्हायचं, तेव्हा सुंठसाखरताईंनी सांगितलं तसं थोडं मागे येऊन मग वाढवलं. वजन काट्यावर वर सरकू लागलंय. सांध्यांना औषधानं आराम आहे, सकाळी बोटं अजून थोडा वेळ आखडतात. दुपारची ती ग्लानी गेली. काल तिनं स्वतः कणीक मळली, लाटायला मी बसले.

भेटायला येणाऱ्यांना आता मी चहा देतानाच सांगते, काकू-मावशी, पथ्य सांगू नका, येताना पेरू आणा. सगळे आणतात.

पाऊलवाट

वाचून फार फार बरं वाटलं. शेवटची ओळ मीही माझ्याकडे येणाऱ्यांना सांगणार आहे.

पोहे_जिलेबी

ताई, जिलेबी बाकी आहे. काकूंना साखरेचा त्रास नाही ना, तेवढं सांगा.

रामबागची_लेक

साखर अगदी व्यवस्थित आहे. आई म्हणते, जिलेबीबरोबर पोहेही आण, शेव-जिरावण वेगळं बांधून आण, आणि लिंबू घरी आहे.